चित्रसेन सोनटक्के नावाचा पेशंट

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, करमणूक म्हणून वाचतोय. पिंपळाखालची बाई आली की मी बायकोला हाक मारायचो आणि तो परिच्छेद आवाज काढून वाचून दाखवायचो. मांत्रिकाची नक्कल हा तर माझा हुकमी आयटम. बदलापूरला कात्रपमध्ये सोसायटीची पूजा असो, हाऊजी असो, कुणाचं डोहाळजेवण असो... माईक माझ्याच हातात असायचा. आमच्या घरात भुताखेतांना तेवढीच काय ती जागा.

तरीही आज मी लिहायला बसलोय. एक गोष्ट अशी घडली की तिचा उलगडा मला अजून झालेला नाही. आणि गंमत म्हणजे ती आठवली की मला भीती वाटत नाही. लाज वाटते. कान गरम होतात. भुताच्या गोष्टीने लाजणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर हा बघा.

नव्वद-एक्क्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी उल्हासनगरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. राहायला कात्रपला, नवीनच झालेल्या बिल्डिंगमध्ये. घरात बायको आणि माझी धाकटी बहीण. आई-वडील गेलेले, त्यामुळे बहिणीचं लग्न माझ्या डोक्यावर.

एक दिवस कचेरीत मी टाइपरायटर आणि कपाट यांच्या मधल्या जागेत कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाला चप्पल लावलेली होती. आमच्या हेडक्लार्कची. नवी नव्हती. त्या माणसाला मी पुढे कधीही सरळ नजरेने पाहू शकलो नाही. आणि कारण म्हणून उपासाने पित्त झालं असं सगळ्यांना सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, पित्त नाही, ही फिट आहे. पुन्हा येईल. आली. एकदा घरात, एकदा बाजारात.

आता फिट म्हणजे काय, हे त्या काळच्या लोकांना सांगायला नको. तापाला लोक सहानुभूती देतात, मोडलेल्या हाताला चहा विचारतात. फिट म्हटली की आवाज खाली येतो. "फेफरं आहे हो त्यांच्यात" — त्यांच्यात! एकट्यात नाही. एकाला फिट म्हणजे सगळं घराणं बाद, आणि घराण्यातली लग्नाची मुलगी सगळ्यात आधी. म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं, ही गोष्ट दाराबाहेर जाणार नाही. गोळ्या मी कल्याणच्या दुकानातून आणायचो, कात्रपच्या केमिस्टकडून नाही.

एक गोष्ट मात्र मी त्या दोघींनाही सांगितली नव्हती. फिट यायच्या आधी मला वास यायचा. ओल्या चुन्याचा. दिवाळीआधी भिंतींना चुना मारतात तेव्हा घरभर पसरतो ना, तसा गार, डोळ्यांत जाणारा वास. आला की समजायचं — चला, पडदा पडतोय.

गोळ्यांनी फरक पडेना. तेव्हा कुणीतरी मुंबईच्या एका डॉक्टर मॅडमबद्दल सांगितलं. त्या दर गुरुवारी उल्हासनगरात एका नर्सिंग होमच्या मागच्या दोन खोल्यांत बसायच्या. फिट येण्याआधी माणसाला काय जाणवतं आणि त्याच्या मेंदूचा आलेख कसा दिसतो, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. शिवाय एक नवीन गोळी तपासत होत्या. जुन्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि वर ही एक. काहींना खरी मिळणार, काहींना तशीच दिसणारी साधी. कुणाला कुठली, हे शेवट होईपर्यंत मॅडमनाही कळणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, माझं नाव कुठे लिहिणार? पन्नाशीच्या, खादीची साडी नेसणाऱ्या या बाई फार शांतपणे बोलायच्या.

"कुठेच नाही. तुम्ही कोण ते फक्त तुम्हाला माहीत आणि मला. नाव चपलेसारखं बाहेर काढून आत यायचं."

आधी त्या नंबर द्यायच्या. पण पेशंट नंबर विसरायचे, एकाची बाटली दुसरा घेऊन जायचा. म्हणून त्यांनी टोपणनावं सुरू केली होती. माणूस स्वतः ठेवलेलं नाव विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. अट एकच होती — ओळखीतल्या कुणाचंही नाव घ्यायचं नाही. "कुठलंही साधं नाव घ्या," असं त्या म्हणाल्या.

साधं! मला!

क्षणभर डोळे मिटले आणि म्हणालो, "चित्रसेन सोनटक्के."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. पण लिहिलं.

तिथे थांबलो असतो तर मी मी कसला? पुढच्या गुरुवारी डोक्याला तो चिकट लेप लावून, वायरी जोडून, मला कॉटवर आडवं केलं आणि मॅडमनी प्रश्न सुरू केले. लहानपणी डोक्याला मार? घरात आणखी कुणाला? झोप कशी? फिटबद्दलची उत्तरं मी खरी दिली, शपथेवर सांगतो. चुन्याचा वासही आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितला. पण बाकीचं सगळं चित्रसेनचं. मी मोरिवलीला राहतो. लेथवर काम करतो. लग्न झालेलं नाही, आई आहे. दारात शेवगा आहे, वाढलाय ताडासारखा, पण आजवर एक शेंग धरलेली नाही. चहात साखरेबरोबर चिमूटभर मीठ घालतो, वडिलांपासूनची सवय. बुलबुलतरंग वाजवतो, त्याची एक पट्टी दबलेली आहे, ती आली की तोंडाने सूर भरतो...

"एवढं नको आहे मला," मॅडम म्हणाल्या. पण त्यांना हसू आलेलं मी पाहिलं. झालं. दर गुरुवारी मी चित्रसेनला थोडं थोडं वाढवत गेलो. मोरिवलीला मी जन्मात गेलेलो नव्हतो. अंबरनाथला कारखान्यांच्या शेजारी ते जुनं गाव आहे, एवढंच ऐकून माहीत.

आणि ऐका — फिट थांबल्या. श्रावणात पहिल्यांदा ते नाव घेतलं, त्यानंतर एक नाही. वासही नाही. महिन्यामागून महिने गेले. मी मनात म्हणायचो, नर्सिंग होमच्या पायऱ्या उतरलो की आजार त्या सोनटक्क्याकडे ठेवायचा आणि आपण निरोगी होऊन घरी जायचं. काय सोय आहे! बायकोला हा विनोद सांगितला तर ती म्हणाली, "अहो, असं कुणाच्या नावावर टाकू नये." मी म्हणालो, अगं, तो कुठे आहे?

दरम्यान बहिणीचं जमत आलं होतं. अंबरनाथचा मुलगा, एका कारखान्यात ऑफिसर, माणसं चांगली. स्थळ आणलं होतं आमच्या समाजातल्या एका मध्यस्थ काकूंनी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर — तिन्ही गावांतली आमच्यातली लग्नं त्याच जमवायच्या. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट तिन्ही गावांना कळली असं समजायचं. बोलणी झाली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

अशात एका गुरुवारी मी नर्सिंग होमच्या बाकावर बसलो होतो. काउंटरवर एक सिंधी गृहस्थ असायचे, सगळे त्यांना साईं म्हणत. आवाज असा की शहाड स्टेशनला ऐकू जावा. नावं तेच पुकारायचे. "सोनटक्के साहब, चलो, दिमाग तैयार है?" हा त्यांचा ठरलेला विनोद, आणि मी रुबाबात उठायचो; मोरिवलीच्या गप्पा त्यांनाही मारल्या होत्या. त्या दिवशी माझा नंबर यायच्या आधी एक माणूस आत आला. सडपातळ, पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हाताच्या बोटांना तेलाचा काळेपणा. त्याने काउंटरवर हळूच काहीतरी विचारलं. साईंना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

"चित्रसेन सोनटक्के? वो क्या, सामने बैठे हैं."

तो माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी उठलो नाही.

"तुम्ही चित्रसेन सोनटक्के?"

"हो," मी म्हणालो. नट ना मी. भूमिका सोडायची नाही.

"मोरिवलीचे?"

"हो."

"आमच्या गावात त्या नावाचा एकच माणूस आहे," तो म्हणाला. "तो मी."

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. मी काय करावं? मी हसलो. कार्यक्रमात फजिती झाली की हसतो तसं. समोरचा माणूस हसला नाही. तो चिडलेलाही नव्हता. एवढंच म्हणाला की त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीचे मामा प्लास्टर घातलेला हात घेऊन या दवाखान्यात आले होते, तेव्हा त्यांनी हे नाव पुकारलेलं ऐकलं. पुढे होऊन विचारलं तर काउंटरवरून उत्तर मिळालं — मोरिवली का है, फिट का पेशंट है. दुसऱ्याच दिवशी मुलीकडच्यांनी मोडलं. आता ती बातमी कंपनीतही पोचली होती, आणि फिटवाल्या माणसाला लेथवर कोण उभं करणार?

"मला आजवर कधी साधी चक्करसुद्धा आली नाही," तो म्हणाला. "तुम्ही माझं नाव का घेतलंत?"

मी उठलो. सरळ एक्सरेच्या खोलीत घुसलो आणि तिथून मागच्या दाराने मॅडमकडे. एक माणूस आपल्याच नावाचा जाब विचारतोय आणि मी पळतोय! माझ्या सगळ्या एक्झिट्समधली ती सगळ्यात वाईट.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की ओळखीतलं नाव घेऊ नका असं बजावलं होतं, मग हे कुठून आणलं? मी म्हणालो, डोक्यातून. शपथ. त्यांचा विश्वास बसला नाही, तेही दिसलं. मी म्हणालो, तुम्ही चिठ्ठी द्या ना त्याला, हा आमचा पेशंट नाही म्हणून.

"देईन. पण मग लोक विचारतील, पेशंट कोण? ते मी कुणालाही सांगणार नाही. पोलिसांनी विचारलं तरी नाही. आणि तेवढ्याशिवाय त्या चिठ्ठीवर कोण विश्वास ठेवील?" त्या पुढे म्हणाल्या, "साईंना मी खोटी नावं मोठ्याने पुकारू दिली, कारण ती खोटी होती. ही माझी चूक. पण खरं नाव सांगायचा अधिकार फक्त तुमचा आहे."

रविवारी मी मोरिवलीला गेलो. मनात एक आशा होती की हा माणूस लबाड असेल, काहीतरी उपटायला आला असेल. कारखान्यांच्या भिंतीला लागून गल्ली आत गेली, वळली आणि मी जागच्या जागी थांबलो. दारात शेवगा. कौलांच्या वर गेलेला, हिरवागार. पण आमटीत घालायला एक शेंग मिळू नये असा.

त्याच्या आईने दार उघडलं. मी शेवग्याकडे बघतोय हे पाहून म्हातारी म्हणाली, "नुसताच माजलाय बघा. एक शेंग देत नाही मेला. लेक म्हणतो तोडू, मी म्हणते ऱ्हाऊ दे."

चहा आला. मी कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. मीठ होतं. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मला तेव्हा खोटं वाटावं म्हणून मी दुसरा घोट घेतला. मीठच. भिंतीवर खुंटीला बुलबुलतरंग टांगलेला होता. त्याची पट्टी दबलेली आहे का ते मी पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

चित्रसेन खाटेवर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. नाव मी मनाने रचलं, शेवगा मनाने लावला. तो ऐकत राहिला आणि मग त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे रंगकाम चालू आहे का?"

"का?"

"गेल्या श्रावणापासून मला चुन्याचा वास येतो. ओल्या चुन्याचा. कंपनीत येतो, घरात येतो. आईला विचारतो, तिला येत नाही. थोडा वेळ येतो आणि जातो. त्या दिवशी दवाखान्यात तुमच्यासमोर उभा होतो तेव्हा आला होता."

वासाची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. मॅडमच्या कॉटवर सोडून जगात कुणालाच सांगितली नव्हती.

 कपातला चहा थंड झाला. मग त्याने मागणं मागितलं. येत्या रविवारी अंबरनाथला त्या मुलीच्या घरी मध्यस्थ काकू, मोडलेलं पुन्हा जुळतं का यावर शेवटचं बोलायला बसणार होत्या... हो, त्याच काकू. मी तिथे येऊन एवढंच सांगायचं की तो पेशंट मी.

"नाव नका सांगू वाटल्यास," तो म्हणाला. "नुसतं उभं राहा."

निनावी माणसाच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. आणि काकूंसमोर नाव सांगायचं म्हणजे बहिणीच्या सासरी दवंडी. तो माणूस हे जाणत नव्हता. मी हो म्हणालो. शेवग्याकडे न बघता बाहेर पडलो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी तिला विचारा." म्हणजे बहिणीला. आठवडाभर मी तिला विचारणार होतो. रोज. ती "नको" म्हणाली असती तर मला त्या माणसाला बुडवावं लागलं असतं. "जा" म्हणाली असती तर तिचा तो चेहरा मला बघवला नसता. मी विचारलं नाही. रविवारी हाऊजीला जातो म्हणून बाहेर पडलो.

अंबरनाथच्या त्या घरात दहा-बारा माणसं होती. मुलीचे वडील, प्लास्टर निघालेले मामा, काकू, शेजारी. एका कडेला चित्रसेन आणि त्याची आई. मी उभा राहिलो. आयुष्यात इतक्या वेळा उभा राहिलो होतो, पण पहिल्यांदा माईकशिवाय. माझं खरं नाव सांगितलं, कचेरी सांगितली, कात्रपची बिल्डिंग सांगितली. म्हणालो, फिट मला येतात, यांना नाही. नाव मी रचलं, ते यांचं निघालं.

 मग मागून एक पोरगेलासा आवाज आला, "अहो, हे तर कात्रपचे हाऊजीवाले! काय भारी नकला करतात!"

मुलीच्या वडिलांनी चित्रसेनकडे पाहिलं. "सोनटक्के, भाड्याने आणलंत होय यांना?"

मी शपथा घेतल्या. जितकी जास्त शपथ घ्यावी तितकी ती अभिनयासारखी वाटायला लागली. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. जन्मभर मी खोटं इतकं छान बोललो होतो की खरं बोलायला माझ्याकडे वेगळा आवाजच उरला नव्हता.

आणि मग वास आला.

वर्षभरानंतर. गार, ओला, डोळ्यांत जाणारा. मी चित्रसेनकडे पाहिलं. त्याच क्षणी त्याने मान वर केली होती, आणि पाण्यातून वर आल्यावर माणूस श्वास घेतो तसा श्वास तो घेत होता. मी "येतेय" एवढं बोललो म्हणतात. मला आठवतं ते एवढंच की मी पडताना लोक हसत होते. एकाने टाळी वाजवली.

शुद्धीवर आलो तेव्हा कुणी हसत नव्हतं. डोकं चित्रसेनच्या मांडीवर होतं. जीभ चावली गेली होती. आणि — लिहितोच आता — पँट ओली होती. जमलेले सगळे भिंतीला लागून उभे होते आणि माझ्याकडे दयेने बघत होते. त्या दयेपेक्षा चप्पल बरी. ती मुलगी, जिचं लग्न होतं ती, आतून चादर घेऊन आली, माझ्या अंगावर पांघरली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, पुरे आता."

लग्न झालं त्यांचं. पत्रिका मला आली होती.

मी कात्रपला पोचेपर्यंत काकू आमच्या होणाऱ्या व्याह्यांकडे जाऊन आल्या होत्या. दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका पुन्हा पाहिली, जुळत नाही. बहीण स्वयंपाकघरात उभी होती. ती रडली नाही. तिने विचारलं, "तिथे नाव कुणाचं सांगितलंस, दादा?"

"माझं."

"पत्ता?"

"आपला."

"त्या पत्त्यावर मी पण राहते," ती म्हणाली. "मी तुला जाऊ दिलं असतं. कदाचित. तू विचारलं नाहीस."

त्यानंतर किती तरी महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी घरात एकही नक्कल केली नाही. एका माणसाचं नाव वाचवायला गेलो आणि ज्यावर माझा एकट्याचा हक्क नव्हता ते सगळ्या गावाला देऊन आलो. तो आजार माझा होता, बातमी मात्र तिचीही होती. एवढी साधी गोष्ट मॅडमच्या 'अधिकार फक्त तुमचा' या वाक्यात बसली नव्हती आणि माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

संशोधन संपल्यावर मॅडमनी बोलावून घेतलं. कुणाला कुठली गोळी होती ते उघड झालं होतं. माझी साधी होती. नुसती खडूची म्हणा ना. मग वर्षभर फिट का आल्या नाहीत? त्या म्हणाल्या, असं होतं कधी कधी, मनाच्या विश्वासाने फिट कमी झालेली माणसं त्यांनी पाहिली होती. आणि त्या दिवशी आली ती ताणाने. नावाबद्दलही त्यांच्याकडे उत्तर होतं: हाऊजीत, लग्नात, कुठेतरी कानावर पडलं असेल आणि मी विसरलो असेन. असेल बुवा. शेवगाही कानावर पडला असेल. मीठही. पण चुन्याचा वास मोरिवलीच्या माणसाच्या कानावर कुणी घातला? यावर मॅडमनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "तो भाग मी लिहिणार नाही." तेव्हापासून त्यांनी टोपणनावं बंद केली आणि पुन्हा नंबर सुरू केले.

चित्रसेनला त्या रविवारच्या दुपारनंतर वास कधी आला नाही. मला मात्र येत राहिला. पुढे चांगली औषधं निघाली, आता ठीक आहे.

बहिणीचं लग्न उशिरा झालं. पहिल्या भेटीतच तिने मुलाला स्वतः सगळं सांगितलं, माझ्यासमोर. मी त्या खोलीत कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. मुलगा म्हणाला, बरं. संसार छान चाललाय.

तुम्ही हुशार वाचक आहात. एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की या सगळ्या लिखाणात नाव एकाच माणसाचं आहे. त्याला मी विचारलं. तो म्हणाला, खुशाल लिहा, माझं नाव एवढं फिरून आलंय की आता त्याला काही होत नाही. बाकीच्यांना खोटी नावं द्यायला माझा हात धजावत नाही. कुठल्या गल्लीत कोण निघेल, सांगता येत नाही... आणि कोणाच्या दारात काय नेऊन ठेवलं जाईल, तेही.

बहिणीलाही विचारलं. या वेळी आधी विचारलं.  फोनवर ती म्हणाली, "लिही. खरं लिही. पण मला नाव देऊ नकोस, दादा. आणि खोटं तर मुळीच नको."